कुलूपबंद बालविभाग : एका तालुका ग्रंथालयातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी हे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याची स्थापना निजामी राजवटीत झाली. त्या काळी मराठी वाचनालय चालवणे हेच एक धाडसाचे सार्वजनिक काम होते आणि गावातील वडीलधारी मंडळी आजही त्याचा अभिमानाने उल्लेख करतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली ग्रंथालयाला शासनमान्यता मिळालेली असून ते तालुका ‘ब’ वर्गात मोडते. ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई असे तिघे कर्मचारी, निवडून आलेले कार्यकारी मंडळ आणि दोन हप्त्यांत येणारे शासकीय परिरक्षण अनुदान (ग्रंथालय चालवण्यासाठीचे अनुदान) यांवर सारा कारभार चालतो. गावाचे आणि संबंधितांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. प्रस्तुत लेखक या काळात कार्यकारी मंडळाचा सदस्य होता आणि पुढील बहुतेक निर्णयांत त्याचा सहभाग होता.

आर्थिक बाजू आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. अनुदानाचे दर 2012 नंतर दहा वर्षे तेच राहिले. 2022-23 पासून त्यांत 60 टक्के वाढ झाली आणि तालुका ‘ब’ वर्गाचे वार्षिक अनुदान 2,88,000 रुपयांवरून 4,60,800 रुपये झाले. एवढ्या रकमेत तिघांचे वेतन, पुस्तके, नियतकालिके, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती असे सर्व काही भागवायचे असते. ग्रंथपालाच्या हाती महिन्याला पडणारी रक्कम गावातील दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या कमाईपेक्षा फारशी जास्त नव्हती. अशा माणसावर हजारो पुस्तकांची जबाबदारी असते आणि एकेका पुस्तकाचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो.

प्रश्न कसा पुढे आला

वार्षिक तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी बालविभागाची देवघेव नोंदवही मागितली, तेव्हा तिच्यात कित्येक महिने एकही नोंद नसल्याचे उघड झाले. कागदोपत्री बालविभाग होता. बाहेर पाटी होती, मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटे होती, दाखल नोंदवहीत पुस्तके चढवलेली होती आणि वार्षिक अहवालात बालवाचकांची संख्याही दरवर्षी छापली जात होती. मात्र चारही कपाटांना कुलपे होती आणि किल्ल्या ग्रंथपालांच्या खणात असत. त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेने सरळ विचारले, की आम्ही मुलांना ग्रंथालयात पाठवतो, पण ती काचेतून पुस्तके पाहून परत येतात, मग पाठवायचे कशासाठी? सभेत कोणाकडेही उत्तर नव्हते.

मंडळाची पहिली प्रतिक्रिया ग्रंथपालांना नोटीस देण्याची होती. ती न देता आधी त्यांच्याशी सविस्तर बोलावे असे ठरले, आणि हा या प्रकरणातील पहिला महत्त्वाचा निर्णय होता. बोलण्यातून कळले ते असे. पूर्वीच्या एका ग्रंथपालांच्या निवृत्तीच्या वेळी ग्रंथ पडताळणी झाली, पुस्तके कमी भरली आणि त्यांची किंमत त्यांच्या शेवटच्या देय रकमेतून कापून घेण्यात आली. सध्याचे ग्रंथपाल तेव्हा लिपिक होते आणि ती कपातीची यादी त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिली होती. यादीत मुलांची पुस्तके सर्वांत जास्त होती. पदभार घेतल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात बालविभागाला कुलपे आणली. या कृतीत आळस किंवा मुलांविषयी अनास्था शोधणे अन्यायाचे ठरेल. संस्थेने त्यांना जे शिकवले होते त्याप्रमाणेच ते वागत होते.

कपाटांत काय होते

कुलपे उघडून पाहणी केली, तेव्हा दुसरा प्रश्न समोर आला. जी पुस्तके इतक्या काळजीने राखली होती, त्यांतील बरीचशी मुलांनी आपणहून उचलावी अशी नव्हती. थोर पुरुषांच्या बत्तीस पानी चरित्रांचे संच होते, एकेका चरित्राच्या चार-पाच प्रती होत्या, संस्कारकथांच्या माला होत्या आणि सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे होती. कागद पिवळा, टाइप बारीक आणि चित्रे काळ्या शाईत पुसट उमटलेली होती. मुखपृष्ठे मात्र भडक रंगांची. याचे कारण खरेदीच्या पद्धतीत होते. मार्चअखेर जवळ आला की अनुदानाचा दुसरा हप्ता खर्ची टाकण्याची घाई होते आणि जो विक्रेता जास्त सवलत देईल त्याच्या छापील यादीवरून संच मागवले जातात. कमी पैशांत ग्रंथसंख्या वाढते आणि वर्ग टिकवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, तूलिका, प्रथम बुक्स किंवा नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, अशा ठिकाणी मुलांसाठी विचारपूर्वक केलेली चित्रपुस्तके मिळतात, पण त्या संचांच्या यादीत ती क्वचितच असतात.

कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेली काही चांगली पुस्तके होती, पण ती सर्वांत खालच्या कप्प्यात दडपलेली होती. त्यामागेही एक साधे भौतिक कारण होते. चोवीस पानांच्या, मधोमध पिना मारलेल्या चित्रपुस्तकाला कणाच नसतो. ते कपाटात उभे ठेवले की त्याचे नाव दिसत नाही, वर्गांकाची (पुस्तकाचा विषय दाखवणाऱ्या अंकाची) चिठ्ठी चिकटवायला जागा नसते आणि जाड पुस्तकांच्या दाबाने ते वाकते. मराठवाड्याच्या पावसाळ्यातही पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग पडून तेथूनच पान सुटते. म्हणजे मोठ्यांच्या ग्रंथांसाठी घडवलेल्या कपाटात मुलांचे सर्वांत चांगले पुस्तक सर्वांत आधी दिसेनासे होते आणि सर्वांत आधी खराब होते. बालविभागाचा विचार पुस्तकाच्या आकारापासून सुरू व्हायला हवा, हे आम्हां सर्वांना त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळले.

विचारात घेतलेले पर्याय

मंडळासमोर तीन पर्याय आले.

पहिला पर्याय बालविभागाची खोली अभ्यासिकेला देण्याचा होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी ग्रंथालय अभ्यासिका चालवते, तिचे मासिक शुल्क येते आणि अनुदानाला जोडावयाचा स्वतःचा वाटा त्यातूनच उभा राहतो. जागेसाठी प्रतीक्षायादी होती. खोली दिली असती तर उत्पन्न वाढले असते आणि बालविभागाची दोन कपाटे दर्शनी भागात ठेवून तपासणीची गरजही भागली असती. या पर्यायाला मंडळात खरोखरच बळ होते आणि ते गैर म्हणता येणार नाही. खेड्यातून आलेल्या, घरी अभ्यासाला कोपराही नसलेल्या तरुणांची गरज तितकीच खरी आहे. मात्र ते तरुण आपली मागणी मंडळापुढे मांडू शकत होते, नऊ वर्षांचे मूल ती मांडू शकत नव्हते. शेवटी याच मुद्द्यावर मत फिरले.

दुसरा पर्याय पुण्यात स्थायिक झालेल्या, मूळच्या गावकरी असलेल्या एका देणगीदारांचा होता. दहा टॅबलेट, इंटरनेट जोडणी आणि मोठा टीव्ही देऊन ‘डिजिटल बालविभाग’ उभारण्याची त्यांची इच्छा होती. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि रक्कमही मोठी होती. परंतु टॅबलेट चार्ज कोण करणार, दोन वर्षांनी बॅटरी कोण बदलणार, मुले त्यांवर काय पाहतात याकडे कोण लक्ष देणार, आणि जी मुले घरी पालकांचा मोबाइल पाहतातच त्यांना ग्रंथालयाने आणखी एक पडदा का द्यावा, या प्रश्नांना प्रस्तावात उत्तरे नव्हती.

तिसरा पर्याय मुक्तद्वार पद्धतीचा होता. कपाटे काढून टाकावीत, पुस्तके मुलांच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडावीत, अनामत रक्कम बंद करावी आणि पुस्तके हरवतील हे गृहीत धरून त्याची तरतूद करावी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र, पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक ग्रंथपाल परीक्षेसाठी पाठ करतो. ते अमलात आणायचे तर नुकसानीची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. ते देण्याची वेळ आता आली होती.

घेतलेले निर्णय

मंडळाने तिसरा पर्याय स्वीकारला, पण एकदम नाही. ग्रंथपालांनी स्पष्ट सांगितले, की कुलपे काढण्यास माझी हरकत नाही, मात्र पुस्तके कमी भरल्यास माझ्याकडून वसुली होणार नाही असे लिहून द्यावे. काही सदस्यांना हे उद्धटपणाचे वाटले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत योग्य मागणी हीच होती.

आधार म्हणून केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 215 पाहण्यात आला. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा ग्रंथालयात हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, असे तो नियम सांगतो. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथांबाबत मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम आमच्यासारख्या अनुदानित संस्थेवर बंधनकारक नाही. पण पुस्तके वापरली की काही हरवतात ही गोष्ट खुद्द शासनाने लेखी मान्य केलेली आहे, एवढे दाखवायला तो पुरेसा होता. त्यानंतर मंडळाने ठराव केला, की बालविभागात दाखल पुस्तकांच्या शेकडा तीनपर्यंतची घट ही वापरातील घट समजावी, पडताळणीनंतर रीतसर निर्लेखन करावे, म्हणजे ती पुस्तके नोंदवहीतून कमी करावीत, आणि तिची वसुली कोणत्याही कर्मचाऱ्याकडून करू नये. हा आकडा आम्ही अंदाजाने ठरवला होता. लहान मुलांच्या हातातील घट मोठ्यांपेक्षा जास्त असणार, एवढाच तर्क त्यामागे होता.

देणगीदारांशी बोलणे सोपे गेले नाही. नकार दिला असता तर ते दुखावले असते, आणि प्रस्ताव जसाच्या तसा घेतला असता तर संस्थेवर कायमचा भार पडला असता. बऱ्याच चर्चेनंतर टीव्ही, दोन टॅबलेट आणि एक चांगला ध्वनिक्षेपक घ्यावा आणि उरलेली रक्कम चित्रपुस्तकांसाठी वापरावी, यावर त्यांची संमती मिळाली. पुस्तकांवर आईच्या स्मरणार्थ शिक्का मारावा ही त्यांची अट आनंदाने मान्य करण्यात आली.

अंमलबजावणी

खोलीत जाण्याचा रस्ता वृत्तपत्र वाचन कक्षातून होता. सायंकाळी तेथे पुरुष मंडळी पेपर वाचत आणि राजकारणावर बोलत बसलेली असतात. पलीकडे अभ्यासिका होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी या दोन्हींमधून वाट काढत मागच्या खोलीत जावे, ही अपेक्षाच चुकीची होती, आणि आजवर ती कोणी तपासून पाहिली नव्हती. खोलीला गल्लीकडे उघडणारे एक दार होते, पण त्याच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. रद्दी विकली, दाराला रंग दिला आणि एक पायरी बांधून घेतली. पहिल्या दोन महिन्यांत मुलींच्या येण्यात जो फरक पडला त्याचे श्रेय मी पुस्तकांपेक्षा या दाराला जास्त देतो. अभ्यासिकेच्या मुलांची गोंगाटाची तक्रारही त्यामुळे बऱ्याच अंशी मिटली, कारण मधले दार आता बंद ठेवता येऊ लागले.

गावातील सुताराकडून भिंतीलगत लाकडी पट्ट्यांच्या मांडण्या करून घेतल्या. सर्वांत वरची पट्टी तिसरीतल्या मुलाचा हात पोहोचेल इतकीच उंच ठेवली. विषयवार दशांश वर्गीकरणाचा अंक दाखल नोंदवहीत आणि आतील पानावर राहिला. बाहेर मात्र रंगीत चिकटपट्ट्या लावल्या: चित्रपुस्तकांना लाल, छोट्या गोष्टींना पिवळी, मोठ्या गोष्टी व कादंबरिकांना हिरवी, आणि प्राणी, विज्ञान, खेळ, हस्तकला यांना निळी. पुस्तक जागेवर ठेवण्याचे काम मुले स्वतः करू लागली, ते या रंगांमुळेच शक्य झाले. नवी चित्रपुस्तके आली की गावातील बांधणीकाम करणाऱ्या गृहस्थांकडून त्यांच्या पिना काढून मेणाच्या दोऱ्याने तीन टाके घालून घ्यायचे ठरले. खर्च अगदी थोडा येतो आणि पुस्तकाचे आयुष्य निश्चितपणे वाढते. ज्या ज्या ग्रंथालयात चित्रपुस्तके आहेत तेथे हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

सदस्यत्वाची अट शिथिल केली. पूर्वी अनामत रक्कम, पालकाची सही आणि ओळखपत्राची प्रत लागत असे. आता वर्गशिक्षकांच्या सहीची यादी पुरेशी ठरली. ऊसतोडीसाठी पालक बाहेर गेल्यानंतर गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ग्रंथालयात येणे अवघड होते. त्यांच्यासाठी तीस-चाळीस पुस्तकांची एक पत्र्याची पेटी दर पंधरवड्याला बदलून देण्यात येऊ लागली. ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात जी ग्रंथालय व्यवस्था उभी केली, तिच्यात फिरत्या ग्रंथपेट्या होत्या, आणि नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमामुळे ग्रंथपेटी आज मराठी वाचकांना ओळखीची आहे.

दृकश्राव्य साधनांचा अनुभव संमिश्र होता. दर शनिवारी टीव्हीवर एखादी गोष्ट किंवा लघुपट दाखवला की खोली भरत असे, पण कार्यक्रम संपताच मुले निघून जात आणि पुस्तकांची देवघेव वाढत नसे. मग मदतनीस म्हणून येणाऱ्या, डी.एड. झालेल्या एका ताईंनी क्रम बदलला. आधी पुस्तक मोठ्याने वाचायचे, त्याच्या प्रती समोर मांडायच्या आणि पडद्यावर त्याच विषयाचे काही शेवटी दाखवायचे. यानंतर शनिवारी घरी जाणारी पुस्तके स्पष्टपणे वाढली. टॅबलेटवर बालभारतीने खुले केलेले ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मुले काही दिवस आवडीने चाळत असत. हे मासिक 1971 पासून निघत आहे, आणि आपले आई-वडील लहान असतानाचा अंक शोधण्यात त्यांना मौज वाटे. पुढे टॅबलेट मागे पडले. ध्वनिक्षेपकाचा उपयोग मात्र कोणी कल्पना केली नव्हती इतका झाला. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या आज्यांनी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगितलेल्या गोष्टी ताईंनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या बालविभागात ऐकवल्या जाऊ लागल्या. एरवी गप्प बसणारी ती मुले इतरांना अर्थ सांगण्यासाठी पुढे सरसावली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन मंचावरील खुल्या परवान्याच्या गोष्टी भाषांतर करून छापता येतात. त्यांतील दोन गोष्टी देवनागरीत, गोरमाटी आणि मराठी अशा दोन भाषांत छापून त्याही मांडणीवर ठेवल्या.

पहिल्या वर्षाचे चित्र

वर्षअखेरीस पडताळणी झाली. सामान्य वित्तीय नियमांनुसार वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण पडताळणी दरवर्षी व्हावी लागते, आणि तीच रीत येथे स्वीकारली होती. बालविभागाची घट शेकडा तीनची मर्यादा ओलांडून पाचाच्या आसपास गेली. मंडळात पुन्हा कुलपांचा विषय निघाला. तेव्हा कोणती पुस्तके गेली याची यादी वाचून दाखवण्यात आली. चरित्रांच्या संचातील जवळजवळ एकही पुस्तक हरवले नव्हते. गेलेली सारी पुस्तके नवी आणि सर्वाधिक वाचली गेलेली होती. एकाच चित्रपुस्तकाच्या तीनही प्रती नाहीशा झाल्या होत्या. पुढील वर्षी काय विकत घ्यावे याची इतकी नेमकी यादी आम्हाला कोणत्याही विक्रेत्याकडून मिळाली नसती.

येथे दोन मते पडली. मर्यादा ओलांडली म्हणजे ठरावाचा भंग झाला आणि वरची रक्कम कोणीतरी भरली पाहिजे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने असे मांडले, की मर्यादाच अनुभवाविना ठरवलेली होती आणि पहिल्याच वर्षी वसुली केली तर दुसऱ्या दिवशी कुलपे परत येतील. अखेर वसुली न करता, शाळा सुटण्यापूर्वी एप्रिलमध्ये शाळाशाळांतून ‘परतीची पेटी’ ठेवावी, नाव न विचारता पुस्तके परत घ्यावीत आणि मर्यादेचा फेरविचार पुढील पडताळणीनंतर करावा, असे ठरले. पेटीत हरवलेल्यांपैकी बरीच पुस्तके परत आली. त्यांतील काहींना घरीच वहीच्या कागदाची कव्हरे घातलेली होती.

वेगळे काय करता आले असते

ठराव आणि मांडणी यांचा क्रम चुकला. सुताराचे काम लवकर झाले, उत्साहात पुस्तके मांडली गेली, पण घटीचा ठराव पुढील बैठकीपर्यंत लांबला. मधले दोन महिने ग्रंथपाल रोज सायंकाळी एकेक पुस्तक मोजून मगच घरी जात असत. संस्थेने एखाद्याला जोखीम घ्यायला सांगताना त्याचे संरक्षण आधी कागदावर आणायला हवे होते.

पहिल्या वर्षीची पुस्तके मोठ्यांनीच निवडली. दुसऱ्या वर्षी दोन शाळांतील मुलांना प्रकाशकांच्या सूची देऊन खुणा करायला सांगितल्या, तेव्हा माहितीपर पुस्तकांची, विशेषतः साप, यंत्रे आणि अवकाश या विषयांची मागणी आमच्या अंदाजाच्या पुष्कळ पुढे असल्याचे दिसले. हे आधीच विचारता आले असते आणि त्याला काही खर्चही नव्हता. उर्दू माध्यमाच्या शाळेतील मुले याच गल्लीतून जातात. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी एकही पुस्तक घेतले गेले नाही, आणि ही उणीव दुसऱ्या वर्षीही अर्धवटच भरून निघाली.

सर्वांत मोठी त्रुटी मनुष्यबळाची राहिली. ताईंचे मानधन देणगीतून दिले जात होते, त्याची कायमची तरतूद नव्हती. त्यांना दुसऱ्या तालुक्यात नोकरी लागली आणि शनिवारचे वाचन थांबले. पुस्तके खुली राहिली, देवघेव चालू राहिली, पण मोठ्याने वाचून दाखवणारे कोणी नसल्याने पहिली-दुसरीची मुले हळूहळू कमी झाली. आता अभ्यासिकेच्या शुल्कातील ठरावीक वाटा बालविभागातील मदतनिसाच्या मानधनासाठी राखून ठेवावा, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. अभ्यासिकेतील काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास आळीपाळीने वाचून दाखवण्याची तयारी दाखवली आहे. मानधनाच्या प्रस्तावावर पुढील सर्वसाधारण सभेत मतदान व्हायचे आहे, आणि घटीची मर्यादा शेकडा तीनवरून सहा करण्याचा ठरावही त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.